मामानं बसवलेला देव

"हे तुमचे सख्खे मामा काय ओ?"

हणमंतप्पा पिशांनी विचारलं मुरलीला, पण बघत होते माझ्याकडं, चष्म्याच्या वरच्या फटीतून. मी पाठ ताठ केली. डोक्यावरचा फेटा उसना होता आणि डाव्या कानावर हळूहळू उतरत होता.

"हं," मुरली म्हणाला.

"आईचे भाऊ?"

"हं."

"मग आईपेक्षा थोरले की धाकटे?"

आता याला 'हं' चालण्यासारखं नव्हतं. मुरलीनं माझ्याकडं बघितलं. मी घसा साफ केला.

"धाकटा, पिसेअण्णा. शेंडेफळ. ताईच्या लग्नात मला मांडवाच्या खांबाला झोळी बांधून निजवलं होतं. मंगलाष्टकं सुरू झाली आणि मी असा काही ओरडलो, की घोडं दचकून पळालं ते दुसऱ्याच एका लग्नाच्या वरातीत जाऊन उभं राहिलं. त्या लोकांनी त्यावर आपला नवरा बसवलासुद्धा!"

पिसे हसले नाहीत. आतल्या दाराशी मात्र बांगड्या वाजल्या.

आता खरं काय ते सांगतो. मुरलीच्या आईला मी जन्मात पाहिलं नव्हतं. मुरलीधर खटावकर हा जातीनं शिंपी, पण हातात सुईऐवजी पटाशी आलेला. कोल्हापुरात एका फौंड्रीत तो लाकडाचे पॅटर्न करायचा आणि मी, रंगराव चौगुले, त्यावरून वाळूत साचे उठवून त्यात बीड, म्हणजे लोखंडाचा रस, ओतायचो. एकदा ओतताना वितळलेलं बीड उडालं आणि त्याचा उजवा पाय घोट्यापाशी भाजला. जखम भरली, पण चालताना पाय थोडा ओढायचा. त्यात आई नाही, बाप नाही, चुलता नाही. दोन ठिकाणी मुलगी बघून झाली. एकांनी पायाकडं बघितलं, दुसऱ्यांनी विचारलं, तुमच्याकडून बोलणार कोण? म्हणून होस्पेटहून हे स्थळ सांगून आलं तेव्हा मी फेटा उसना आणला आणि गाडीत बसल्या बसल्या चौगुल्यांचा बगाडे, म्हणजे शिंपी, झालो. मामाच व्हायचं ठरवलं, कारण मामा जरा जास्त बोलला तरी लोक चालवून घेतात.

मुरलीची सगळी भाषा त्या एका 'हं'मध्ये बसायची. आखूड 'हं' म्हणजे ऐकलं. खालच्या पट्टीतला 'हं' म्हणजे नको. आणि एक लांब, छातीतून येणारा 'हंऽऽ' होता. साचा फोडल्यावर आतलं ओतीव काम एकही खड्डा न पडता, गुळगुळीत बाहेर आलं, तरच तो निघायचा. वर्षा-दोन वर्षांत एखाद्या वेळी. त्याच्यासारखा पॅटर्न करणारा माणूस मी पाहिला नाही. आम्ही दोघं मिळून स्वतःची भट्टी टाकणार होतो. शेड बघून ठेवली होती. पाटीवर खटावकर आधी की चौगुले आधी, एवढंच ठरायचं राहिलं होतं.

ही पंचाहत्तर-शहात्तर सालची गोष्ट. होस्पेट तेव्हा लाल होतं. खाणीतला लोखंडाचा दगड भरून ट्रक गावातून जायचे आणि त्यांची धूळ सगळ्यावर बसायची. सकाळी पांढरंशुभ्र धोतर नेसून बाजाराला गेलेला माणूस संध्याकाळी संन्यासी होऊन घरी यायचा. तिथले कावळेसुद्धा मी लाल पाहिले. एका बाजूला तुंगभद्रेचं धरण, एका बाजूला साखर कारखान्याचं धुराडं, आणि मधे पिशांचं दुकान. कामगारांचे खाकी कपडे शिवायचं. पुढं दुकान, मागं घर. पिशांचे पूर्वज कधी काळी आपल्याकडून तिकडं गेलेले. कानडी मुलखात राहून त्यांचं मराठी लोणच्यासारखं मुरलं होतं.

"नागू, आण की ग," पिसे म्हणाले.

मुलगी चुरमुरे आणि मिरचीची भजी घेऊन आली. नागरत्ना तिचं नाव. उंच, सावळी, आणि गळ्यात मापाची पट्टी तशीच लोंबत राहिलेली.

"अगं, ती टेप तरी काढून यायची न्हवं?"

"राहिली," ती म्हणाली. ताटली मुरलीपुढं ठेवताना तिनं एकदाच त्याच्याकडं बघितलं. "सदरा खांद्यात सैल होतोय तुम्हाला. कुणी शिवला?"

"हं," मुरली म्हणाला आणि लाल झाला. अर्थात त्या गावात लाल होण्याला काही किंमत नव्हती.

मी भजी खाता खाता बोलत राहिलो. मुरलीचा हात, मुरलीचं डोकं, मुरलीनं केलेला पॅटर्न बघून एकदा मुंबईचा साहेब टोपी काढून कसा उभा राहिला. पिसे ऐकत होते. मुरली हात धुवायला उठला, तेव्हा त्यांची नजर त्याच्या पायामागून दारापर्यंत गेली आणि परत आली.

"मुलगा चांगलाच हाय, मामा," ते म्हणाले. "खरं, कोल्हापूर म्हणजे लांब की ओ. मला ही एकटी. हिची आई जाऊन झाली धा वर्षं. विचार करून कळवतो."

लग्नाच्या बाजारात 'विचार करून कळवतो' म्हणजे काय, ते मला कळत होतं. मुरलीलाही कळलं. तो ओसरीच्या कडेला जाऊन बसला आणि दुकानातला मापाचा लाकडी गज उचलून त्याच्या धारेवरून उगाच अंगठा फिरवत राहिला.

"आलाच हाय तर उद्या हंपी बघून जावा," पिसे म्हणाले. "रविवार हाय, दुकान बंद. मी येतो दाखवायला. आमच्या गावाला येऊन हंपी न बघता गेला तर लोक मला हसतील."

मुलगी नाही तर निदान अवशेष तरी, असा तो पाहुणचार होता.

दिवेलागणीला पिसे एक अर्धवट राहिलेली विजार पुरी करायला मशीनवर बसले. मी शेजारी बसून त्यांना आमच्या रंकाळ्यातल्या माशाची गोष्ट सांगत होतो. तो मासा कूस बदलतो तेव्हा पाणी रस्त्यावर येतं, ती. पिशांच्या मशीनचा दोरा तुटला. त्यांनी दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं केलं आणि सुईकडं नेलं. चुकलं. पुन्हा नेलं. पुन्हा चुकलं. चष्मा कपाळावर चढवला, मान तिरकी केली.

"नागू!" त्यांनी आत हाक मारली. आत पाणी ओतल्याचा आवाज येत होता. ऐकू गेली नसावी.

मुरली ओसरीवरून उठला. काही न बोलता त्यानं त्यांच्या हातातलं टोक घेतलं, एकदा पिळलं, आणि पहिल्या खेपेला सुईतून पार केलं. मग परत जाऊन बसला.

मला त्याचा रागच आला. म्हटलं, इथं मी तुझ्यासाठी घसा कोरडा करतोय, चार शब्द बोलायचे सोडून हा शिकाऊ पोरासारखा दोरे ओवतोय! पिसे मात्र बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिले. मग त्यांनी मशीनला पाय मारला.

सकाळी उठलो तर दोरीवर वाळत घातलेला माझा सदरा घडी करून ठेवला होता. त्याचं वरचं बटण कधीच तुटलं होतं आणि तिथं मी सेफ्टी पिन लावत असे. आता तिथं बटण होतं. पिन खिशात ठेवलेली. शिंप्याचं घर, म्हटलं, चालायचंच. आणि विसरलो.

हंपीला आम्ही बसनं गेलो. पिसे पुढं, मागं मी, मग मुरली, आणि डबा घेऊन नागरत्ना. मी अनेक डोंगर पाहिलेत, पण तिथले दगड कुणीतरी एकावर एक रचून ठेवल्यासारखे आहेत. शिंकलात तर पडतील. पिशांनी सगळं दाखवलं. दगडी रथ दाखवला. राजाला सोन्यानं तोलायची दगडी तुला दाखवली. मी म्हटलं, आमच्याकडं एका पाटलाला गुळानं तोलला तर उसाची तीन गावं कमी पडली. नागरत्नानं पदर तोंडाला लावला. पिसे म्हणाले, "असतील की."

ते सगळ्याला 'असतील की' म्हणत होते. माझं काही त्यांच्या आत जात नव्हतं. परतीच्या गाडीआधी काही केलं नाही, तर मुरली तसाच परत येणार आणि पुन्हा म्हणून कुठं मुलगी बघायला तयार होणार नाही, हे मला दिसत होतं. तो दगड बघत नव्हताच. नागरत्ना डबा या हातातून त्या हातात घेत होती, ते बघत होता.

डबा खायला आम्ही नदीच्या बाजूला एका पडक्या मंडपात बसलो. नाव-गाव नसलेला, चार खांबांचा मंडप. समोर तुंगभद्रेत टोपलीसारख्या गोल होड्या फिरत होत्या. जेवून मी हात धुवायला मागच्या अंगाला गेलो, आणि तिथं मला तो दिसला.

जमिनीत अर्धा पुरलेला एक मोठा दगड होता. त्याच्या मधोमध कोरून केलेला गुळगुळीत खड्डा, आणि त्या खड्ड्यात उभा बसवलेला, अंड्यासारखा, काळा, तुकतुकीत दुसरा दगड. मी हात लावला. जड होता, पण बसल्या जागी गरकन फिरला. त्याच्या डोक्यावर बोटभर खोल एक चौकोनी खोबणसुद्धा होती. मला एकदम तुळजापूरचा चिंतामणी आठवला. तिथं लोक गोल दगडावर हात ठेवून मनात प्रश्न विचारतात. उजवीकडं फिरला तर होय, डावीकडं फिरला तर नाही.

फौंड्रीतल्या माणसाच्या खिशात कायम ग्रॅफाइटची पूड असते. साच्याला लावली की ओतीव काम चिकटत नाही. मी चिमूटभर पूड खड्ड्यात फुंकली. आता तो दगड नजरेनंसुद्धा फिरला असता. मग शेजारच्या रानझुडपाचं एक पिवळं फूल तोडून त्या चौकोनी खोबणीत खोवलं आणि ओरडलो, "पिसेअण्णा! अहो, हे तुम्ही आम्हाला दाखवलंच नाही!"

तिघंही आले.

"काय ओ?"

"काय म्हणजे? कौलाचा दगड! तुळजापूरला आहे तसाच. राजे लढाईला निघायच्या आधी याच्यावर हात ठेवायचे." मी पादत्राणं काढली. "आमच्या आजोबांनी सांगितलं होतं, दक्षिणेत याचा जोडीदार आहे म्हणून. हाच तो. ही बघा कुंकवाची खोबण."

पिसे वाकून दगडाकडं बघू लागले. नागरत्नाही बघू लागली. तिचे ओठ एकदम घट्ट मिटले आणि ती तोंड फिरवून नदीकडं बघायला लागली. मला वाटलं, देवाचं नाव काढल्यावर पोरगी गंभीर झाली.

"तुळजापूरला आमचे आजोबा गेले होते म्हणत," पिसे सावकाश म्हणाले. "मला काय जमलं न्हाई."

"मग आता बसा! आईनंच आणलंय तुम्हाला. तुम्ही विचार करून कळवणार होता ना? विचार कशाला, विचारूनच टाका."

"कसं विचारायचं?"

मी नियम करत गेलो. दोन्ही तळवे ठेवायचे. दाबायचे, पण ढकलायचे नाहीत. प्रश्न मनात विचारायचा. कुणाला सांगायचा नाही, सांगितला तर देव पुन्हा म्हणून बोलत नाही. माझा बेत सरळ होता. मी देवाचा मानकरी म्हणून दगडाच्या बुडाशी हात लावून बसणार आणि करंगळीनं तो उजवीकडं वळवणार. होकार मिळाला, की शिंपी माणूस, देवाच्या शब्दाबाहेर जायचा नाही.

पिसे उकिडवे बसले. टोपी सारखी केली. चष्मा काढून नागरत्नाकडं दिला. तळवे दगडावर ठेवून डोळे मिटले. मी करंगळी सरकवली.

मला काही करावंच लागलं नाही. दगड उजवीकडं फिरला. हळू नाही, चांगला जोरात, माझी करंगळी चेंगरेल असा. एक पूर्ण फेरा घेऊन थांबला.

क्षणभर मी स्वतःच घाबरलो. म्हटलं, गंमत करता करता खरा देव तर सापडला नाही?

"नागू, तू पण विचार," पिसे डोळे न उघडता म्हणाले.

ती बसली. तिनं उजवा हात तेवढा दगडाच्या डोक्यावर ठेवला. दगड उजवीकडं फिरला आणि फिरतच राहिला. तिनंच धरून थांबवला.

"देव प्रसन्न आहे!" मी टाळी वाजवली. "चला, साखर वाटा! मुरली, पाया पड सासऱ्यांच्या. आता तारीख धरायला आम्ही कधी येऊ ते—"

"थांबा की मामा," पिसे चष्मा लावत म्हणाले. "मी काय विचारलं ते ऐकून तर घ्या."

"अहो, सांगायचं नसतं!"

"प्रश्न सांगायचा नसतो. उत्तर तर पाळायला लागतंय न्हवं? मग ते लपवून कसं चालेल?" ते मुरलीकडं वळले. "मी विचारलं, हा मुलगा होस्पेटात आमच्या घरी राहील काय? देवानं होय म्हणून सांगितलं. आता तुम्ही बोला."

घरजावई! शेड डोळ्यांपुढं आली. पाटी आली, तिच्यावर नुसतं चौगुले. काय सांगणार होतो? देव खोटा आहे म्हणून? मघाशी त्याच्यापुढं मीच पादत्राणं काढली होती.

"अहो पण, कोल्हापुरात त्याचं काम—" मी म्हटलं.

"गावात कारखाने काय कमी हायत? धुराडी बघा की." पिशांचा आवाज मात्र खाली गेला होता. "जबरदस्ती न्हाई ओ. देवाचं म्हणणं मी सांगितलं."

मुरली त्या पडक्या मंडपाशी पाय थोडा बाजूला टाकून उभा होता. त्यानं पिशांकडं बघितलं. मग नागरत्नाकडं. ती नदीकडंच बघत होती, पण डबा तिनं छातीशी घट्ट धरला होता. शेवटी तो माझ्याकडं बघू लागला. तसाच बघत राहिला. मला कळलं, हा माझ्या परवानगीसाठी थांबलाय. सगळ्या जगात त्याला परवानगी विचारायला एक खोटा मामा होता.

मी फेटा सारखा केला. "मामाची हरकत नाही," म्हटलं.

"हं," मुरली म्हणाला. आखूड. मला त्यातून काही काढता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटा स्टेशनवर होतो. मुरली दोन दिवस राहणार होता, एका कारखान्यात पिशांच्या ओळखीनं कामाचं विचारायला. पिसे मला पोचवायला आले. खिडकीशी उभे राहून त्यांनी मला मिरचीच्या भज्यांचा पुडा दिला.

"मामा, एक बोलू? राग मानू नका."

"बोला की."

"शिंप्याच्या घरचा मामा, आणि सदऱ्याला बटणाच्या जागी पिन?"

मी बटणाला हात लावला.

"नागूनं पहिल्या दिवशीच ओळखलं. म्हणाली, आप्पा, हे बगाडे न्हवंत. खरं, मित्रासाठी कोण एवढा फेटा बांधून येतंय, म्हणून मी गप्प बसलो."

"मग... तो दगड?" मी विचारलं. "तो कसा फिरला?"

पिशांनी आपला उजवा हात वर केला. बोटं जराशी वाकडी झालेली. "जन्मभर मशीनचं चाक फिरवलंय ओ या हातानं. दगड काय घेऊन बसलाय?" मग ते प्लॅटफॉर्मकडं बघत बोलले. "माझे डोळे चाललेत, मामा. डॉक्टरनं सांगितलंय. नागूला पण सांगितलं न्हाई अजून. परवा त्या पोरानं न विचारता दोरा ओवून दिला. तेव्हाच मनात आलं, हा आपल्याकडं राहिला तर? खरं, तोंडानं कसं मागायचं? मुलगी मागायला लोक येतात. मुलीच्या बापानं उलटा मुलगा मागायचा? जीभ उचलत न्हवती. तुम्ही देव आणला, बरं झालं. त्याच्या तोंडून मागून घेतला."

शिट्टी झाली. गाडी हलली. पिसे खिडकीचा गज धरून चार पावलं चालले.

"देव चांगला हाय तुमचा!" ते म्हणाले. आता मात्र त्यांचा सगळा चेहरा हसत होता. "खरं, तसले आमच्याकडं घरोघर असतात! सकाळी त्यानं डोशाचं पीठ वाटतात! कुणाचा तरी टाकलेला रगडा हाय तो, मामा! त्या भोकात लाकडी दांडा बसवतात!"

डोसा मी हॉटेलात खाल्ला होता. हॉटेलाच्या मागच्या अंगाला काय असतं, ते बघायला कोण जातं? आमच्या घरी पाटा-वरवंटा. हुबळीपर्यंत मी भजी हातात धरून बसलो होतो. एकसुद्धा खाल्लं नाही. हुबळीला सगळी खाल्ली.

मी भट्टी टाकली नाही. नोकरीत राहिलो, दुसऱ्यांच्या पॅटर्नवर साचे उठवत निवृत्त झालो. मुरलीची पत्रं यायची. ती नागरत्ना लिहायची आणि खाली तो सही करायचा. दिवाळीला माझा सदरा यायचा, खांद्यात बरोबर. पण जे झालं ते त्याला आवडलं होतं, की दोन म्हाताऱ्यांनी मिळून, त्यातला एक तर म्हातारा नव्हताच, त्याला दगडाखाली अडकवलं होतं, हे मला कधी विचारता आलं नाही. असलं पत्रात कसं विचारायचं? आणि त्यानं काय लिहिलं असतं? हं?

परवाच्या वर्षी माझ्या नातवानं मला होस्पेटला नेलं. मुरली आता म्हातारा झालाय. काठी आली, त्यामुळं पाय ओढतो हे उलट कळत नाही. नागरत्नाचे केस पांढरे. अजून मला मामाच म्हणते. दुकानात पिशांचा फोटो, त्याखाली त्यांची मशीन.

"शेवटची नऊ वर्षं आप्पांना दिसत न्हवतं," ती म्हणाली. "खरं, मशीनवर बसायचे. रोज कामावर जायच्या आधी हे सुया ओवून ठेवायचे, ओळीनं, उशीत टोचून. संध्याकाळी परत."

मुरली खिडकीबाहेर बघत होता.

"चला मामा," ती म्हणाली, "तुमचा देव बघून येऊ."

मी म्हटलं, असेल तिथं अजून? होता. मंडपाला चुना लावलेला. रगडा हळदीकुंकवानं असा माखलेला की काळं काही दिसेना. चौकोनी खोबणीत फुलांची वेणी. पुढं लग्नाच्या वयाच्या पोरी, त्यांच्या आया, एक परीक्षेला बसलेला मुलगा. नारळ विकणारी एक जाडजूड बाई शेजारी बसून लोकांना कानडीत काहीतरी सांगत होती.

"काय म्हणतेय?" मी नागरत्नाला विचारलं.

"म्हणतेय, राजे लढाईला निघायच्या आधी याच्यावर हात ठेवायचे. प्रश्न कुणाला सांगायचा न्हाई. सांगितला तर देव पुन्हा बोलत न्हाई."

माझं वाक्य! शब्दाला शब्द! आयुष्यभर मी इतक्या थापा मारल्या, एकीनंही घर केलं नव्हतं. आणि काय झालं कुणास ठाऊक, मला एकदम खरं बोलायची लहर आली.

"सांग तिला," मी म्हटलं, "हा रगडा आहे. इडली-डोशाचा. आणि राजाबिजा काही नाही, याला देव मी केलाय, या माझ्या हातांनी."

नागरत्नानं सांगितलं. बाईनं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि एक लांबलचक वाक्य फेकलं. रांगेतले सगळे माझ्याकडं वळले.

"आता काय म्हणाली?"

"म्हणाली," नागरत्नाला हसू आवरत नव्हतं, "एवढं वय झालं, निदान देवाच्या दारात तरी थापा मारू नका. नारळ घ्या आणि माफी मागा."

नारळ घेतला. रांगेत उभा राहिलो. पाळी आल्यावर नातवाच्या आधारानं उकिडवा बसलो आणि माखलेल्या दगडावर तळवे ठेवले. ढकलायचं नाही, असं ठरवलं होतं. मनात एक प्रश्न विचारला. दगड आधी हललाच नाही. मग उजवीकडं फिरला, थोडासा. माझे हात आता थरथरतात, त्यानंही असेल.

"काय विचारलंत मामा?" नागरत्ना म्हणाली.

"सांगायचं नसतं."

नदीकडं जाताना ती आणि नातू पुढं गेले. आम्ही दोघं मागं राहिलो, त्याची काठी आणि माझी काठी. समोर गोल होड्या तशाच फिरत होत्या. मला राहवेना.

"मुरल्या," मी म्हटलं, "इथं राहिलास. बरं झालं का रे?"

तो थांबला. पुढं चाललेल्या नागरत्नाकडं बघितलं. ती नातवाच्या सदऱ्याची शिवण हातानं ओढून तपासत होती.

"हंऽऽ," मुरली म्हणाला.

मग काय, दगडाला विचारलेला प्रश्न फुकट गेला. नारळही.